‘सर्व्हर डाऊन’ या दोन शब्दांविषयी

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मंचर येथे दिलेले भाषण)



माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळांतून खडू-फळ्याच्या संगतीत गेली. अशा माणसाने संगणकाच्या सर्व्हरविषयी व्यासपीठावरून बोलावे, हे आपणांपैकी काहींना धाडसाचे वाटेल; आणि ते आहेच. परंतु या विषयाशी माझा संबंध विद्वत्तेमुळे आलेला नाही, एका चुकीमुळे आला आहे. ती चूक आधी सांगतो.

आपल्या समाजातील मुलामुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम मंडळाने गेल्या वर्षी मजवर सोपविले होते. तेवीस अर्ज जमले. जुन्या शिक्षकाच्या शिस्तीप्रमाणे मी ते तपासून, टाचणी लावून एका गठ्ठ्यात ठेवले. सर्वांची कागदपत्रे पूर्ण झाली की एकदमच भरून टाकावे असे ठरविले. शेवटचा दाखला हाती आला तो मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी. सायंकाळी आम्ही मंडळाच्या खोलीत चार यंत्रे मांडून बसलो. रात्री बारापर्यंत एकोणीस अर्ज गेले, चार राहिले. पडद्यावरचे ते लहानसे चाक फिरत राहिले आणि बाराच्या ठोक्याला पान बंद झाले. त्या चौघांपैकी तिघांची फी आपल्यातील दात्यांनी भरली. चौथी एक मुलगी. तिच्या वडिलांना दुसऱ्याचे पैसे घेणे मानवले नाही, आणि मुलीचे वर्ष गेले. ती आज या सभागृहात बसली आहे.

कार्यकारी मंडळापुढे मी एका वाक्यात निवेदन केले : “सर्व्हर डाऊन असल्यामुळे चार अर्ज राहिले.” ते वाक्य इतिवृत्तात नोंदले गेले. कोणी अधिक विचारले नाही, कारण हे दोन शब्द आता आपल्याकडे पाऊस-दुष्काळासारखे झाले आहेत. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्या दाराशी ते ऐकू येतात, रेशनच्या दुकानात ऐकू येतात, बँकेत ऐकू येतात. ऐकले की माणूस पिशवी उचलून घरी जातो. त्या नोंदीवरून पुढे अशी सूचना आली की मंडळाने इमारत निधीतून स्वतःचा सर्व्हर खरेदी करावा, म्हणजे असा प्रसंग पुन्हा येणार नाही. ही सूचना उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. म्हणून आज बोलणे मला भाग आहे.

माझा भाचा नवी मुंबईस एका डेटा सेंटरमध्ये नोकरीस आहे. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे पंधरा दिवस राहिलो आणि वही घेऊन विद्यार्थ्यासारखा त्याच्यापुढे बसलो. “मामा, तुम्ही मला पाढे शिकविलेत, आता पाळी उलटली,” असे तो म्हणाला. त्याने एके दिवशी परवानगी काढून मला काचेच्या भिंतीपलीकडून ती जागा दाखविली. पुस्तकांच्या कपाटांसारखी उंच कपाटे, त्यांत एकावर एक पाट रचावेत तशी सपाट यंत्रे, हिरवे दिवे आणि पंख्यांचा अखंड घोंगाट. मी विचारले, “यांपैकी अमुक एका कचेरीचे यंत्र कोणते?” तो हसला. म्हणाला, “मामा, तसे बोट ठेवून दाखविता येत नाही. एका यंत्रात वीस-तीस कचेऱ्यांची यंत्रे असतात, आणि ती आज या कपाटात, उद्या त्या कपाटात.”

हे मला पहिल्या दिवशी उमगले नाही. उमगले ते माझ्याच जुन्या शाळेवरून. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यात मी काही वर्षे एकशिक्षकी शाळा चालविली. एक खोली, एक शिक्षक, इयत्ता चार. पहिलीला अक्षरे गिरवावयास लावावी, तेवढ्यात दुसरीला पाढा द्यावा, तिसरीचे गणित तपासावे, चौथीला भूगोल सांगावा आणि पुन्हा पहिलीकडे यावे. प्रत्येक वर्गाच्या दृष्टीने गुरुजी त्यांचेच. हजेरीपट चार, वेळापत्रके चार, परीक्षा चार. कागदोपत्री चार वर्ग पूर्ण स्वतंत्र. शिक्षक मात्र एक, आणि तो पाळीपाळीने वाटलेला. संगणकाच्या जगात यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात; आपण आभासी यंत्रांची योजना म्हणू. खरे यंत्र एक. त्यावर हायपरवायझर नावाचा एक पर्यवेक्षक बसविलेला असतो. तो त्या एका यंत्राचे डोके, स्मृती व साठवण वाटून देतो आणि प्रत्येक कचेरीस असा भास निर्माण करतो की संपूर्ण यंत्र आपल्याच मालकीचे आहे.

ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीच्या केंब्रिज येथील केंद्रात १९६०-७० या दशकात ती प्रथम साधली आणि १९७२ साली व्हीएम-३७० या नावाने बाजारात आली. त्या काळी यंत्र इतके महाग होते की वाटून घेतल्यावाचून गत्यंतर नव्हते. पुढे लहान यंत्रे स्वस्त झाली, प्रत्येक कामास वेगळे यंत्र घेण्याची चाल पडली, आणि पाहतात तो बहुतेक यंत्रे दिवसाचा पुष्कळसा वेळ रिकामी बसलेली. वीज मात्र खात आहेत. तेव्हा जुनी युक्ती पुन्हा आठवली. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर या कंपनीने ती साध्या यंत्रांवर आणली, आणि २००१ पासून ती सर्व्हरवर रुळली. ज्या कामास पूर्वी वीस यंत्रे लागत, ते दोन यंत्रांत बसू लागले. काटकसर खरीच झाली. माझ्या शाळेतही झालीच होती. तीन शिक्षकांचे पगार वाचले होते.

आता माझ्या त्या शाळेत अडचण कोठे येई ते ऐका. गुरुजी कमी पडत नसत. चार वर्गांना एकाच क्षणी गुरुजी लागत नाही. एक वर्ग लिहीत असतो तेव्हा दुसऱ्यास शिकविता येते. अडे ते फळ्याशी. फळा एकच होता. चौथीसाठी नकाशा काढावा, तर दुसरीचा पाढा पुसावा लागे. दुसरीचे काम अर्धे राहिलेले असे, म्हणून पाढा पुन्हा लिहावा, तर नकाशा पुसावा. कित्येक दिवस शिकविण्यापेक्षा पुसण्या-लिहिण्यातच अधिक वेळ जाई. डेटा सेंटरमध्ये हा फळा म्हणजे साठवणीची चकती, जिला हार्ड डिस्क म्हणतात. वीस यंत्रे दोघांत कोंबली तेव्हा डोके पुरले, स्मृती वाढवून घेता आली. परंतु पूर्वी वीस यंत्रांना वीस चकत्या होत्या, त्या जाऊन सर्वांचा भार थोड्या चकत्यांवर आला. जाणते लोक म्हणतात की आभासी यंत्रे मंद चालण्याचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते.

याचे गणित अगदी साधे आहे. सामान्य चकती मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. हवे ते अक्षर डोक्याखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार सहस्रांश सेकंद लागतो. त्याआधी वाचणारा हात योग्य वर्तुळावर सरकावा लागतो, त्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश. बेरीज बारा-साडेबारा. म्हणजे एका सेकंदात अशी निरनिराळ्या ठिकाणची मागणी फार तर ऐंशीदा पुरविता येते. प्रत्येक मागणी चार किलोबाइटची धरली, तर सेकंदास ३२० किलोबाइट झाले. आणि तीच चकती एका ओळीत सलग वाचली, तर सेकंदास दीडशे मेगाबाइट सहज देते. चकती तीच, फरक साडेचारशे पटींहून अधिक! मी हे उदाहरण तीनदा सोडवून पाहिले. एकटी कचेरी आपले काम सलग वाचीत असते. परंतु वीस कचेऱ्या एकाच चकतीवर आल्या की प्रत्येकीचे सलग वाचन दुसरीच्या मागणीने तुटते, आणि चकतीच्या दृष्टीने सारे काम विखुरलेले होऊन बसते.

म्हणूनच, “आमच्याकडे इतके टेराबाइट जागा आहे” या वाक्याने आपण भुलू नये. आपल्या घोड नदीवरील डिंभे धरण पहा. जुने आंबेगाव गाव ज्याच्या पोटात गेले, त्या धरणाचा उपयुक्त साठा सुमारे साडेबारा टीएमसी आहे. परंतु कालव्याच्या शेवटच्या चारीवरील शेतकऱ्यास कोणी “धरण भरले आहे” असे सांगितले, तर त्याचे समाधान होते काय? त्याला प्रश्न असतो आवर्तन केव्हा सुटेल, कालव्यातून किती वाहील, आणि वरच्यांनी उपसल्यावर माझ्या बांधापर्यंत किती येईल. साठा आणि प्रवाह या दोन भिन्न गोष्टी आहेत. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे ज्यांच्या अंगणात आहेत, त्या आपल्या लोकांस हे कोणा इंजिनियराने शिकवावयास नको. शेजाऱ्याने रात्री मोटार लावली की आपल्या पाइपाची धार बारीक होते. डेटा सेंटरमध्येही एका कचेरीची रात्रीची नक्कल काढण्याचे काम सुरू झाले की दुसऱ्या कचेरीची धार बारीक होते. त्यावर उपायही पाटाच्या पाण्यासारखाच योजतात. प्रत्येक आभासी यंत्रास सेकंदास किती मागण्या करता येतील त्याची मर्यादा, म्हणजे पाळी, ठरवून देतात.

आता रांगेचे गणित. हे मात्र मला आजवर कोणी शिकविले नव्हते, आणि माझी चूक याच गणितात आहे. डेन्मार्कमधील एर्लांग नावाच्या गृहस्थांनी १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोनवरील संभाषणांचा अभ्यास करून या शास्त्राचा पाया घातला. पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. कोणाचे दळण थोडे, कोणाचे पुष्कळ. सरासरी दहा मिनिटे धरू. लोक आपल्या सवडीने केव्हाही येतात. गिरणी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्यास सरासरी दहा मिनिटे थांबावे लागते. शंभरात ऐंशी भाग कामात असेल तर चाळीस मिनिटे. नव्वद भाग असेल तर नव्वद मिनिटे. आणि पंच्याण्णव भाग असेल तर तीन तास दहा मिनिटे! नव्वदावरून पंच्याण्णवावर जाताना काम वाढले अगदी थोडे, आणि थांबणे दुपटीहून अधिक झाले. शंभरापलीकडे गेले की रांग संपतच नाही, वाढतच राहते. गिरणी मात्र बंद पडलेली नसते. आत ती पूर्ण वेगाने दळत असते. बाहेर उभ्या असलेल्यास तेवढे दिसत नाही. तो म्हणतो, गिरणी बंद आहे.

पुष्कळदा ‘सर्व्हर डाऊन’चा अर्थ एवढाच असतो. यंत्र पडलेले नसते. दारी रांग लागलेली असते. त्यात आणखी एक. आमची चार यंत्रे त्या रात्री एकसारखी चालली होती आणि पान हलेना म्हणून आम्ही क्षणाक्षणाला बटण दाबीत होतो. भाच्याने विचारले, “किती वेळा दाबलेत?” मी म्हटले, “मोजले नाही.” तो म्हणाला, प्रत्येक वेळी दाबणे म्हणजे त्याच माणसाने रांगेत पुन्हा नव्याने उभे राहणे, मागची मागणी कित्येकदा आत तशीच दळली जात असते, आणि तिचे पीठ घ्यावयास कोणी नसते. राज्यातील सर्व गावांतून त्या रात्री माझ्यासारखे किती गुरुजी बटण दाबीत बसले असतील याचा आपणच विचार करावा. नेमके कोठे अडले, चकतीशी, तारेशी की आणखी कोठे, हे बाहेरून सांगता येत नाही. पण मुदत पंधरा दिवसांची होती. पहिल्या बारा दिवसांत तेच पान क्षणार्धात उघडत होते. मी स्वतः दाखल्यांची यादी पाहण्यासाठी ते उघडले होते.

कोणी म्हणतील, आता नव्या तऱ्हेची साठवण निघाली आहे. खरे आहे. फ्लॅश जातीच्या साठवणीत चकती फिरत नाही, हात सरकत नाही. जेथे जुनी चकती सेकंदास ऐंशी मागण्या पुरवी, तेथे ही हजारोंनी, चांगली असल्यास लाखोंनी पुरविते. सात-बाराचे डिजिटल स्वाक्षरीचे उतारे १ मे २०१८ पासून घरबसल्या मिळू लागले, तशी कामे अशा वेगावाचून जनतेला पुरी पडणे कठीण. तथापि तिलाही तिचा स्वभाव आहे. तिच्यावर लिहिलेले एक अक्षर जागच्या जागी बदलता येत नाही. आधी संपूर्ण पाटी पुसावी लागते, मगच नवे लिहिता येते. पाटी भरत आली की पुसण्याचे काम वाढते. शिवाय कोणतीही साठवण केव्हा तरी दगा देते, म्हणून चार-पाच चकत्या मिळून एक बेरीज ठेवतात. ही तर आपल्या निकालपत्रकाचीच रीत. एका विषयाचे गुण वाळवीने खाल्ले, तर एकूण बेरजेतून बाकीचे वजा करून ते काढता येतात. पण एक गुण बदलावयाचा झाला, तर जुना गुण पहा, जुनी बेरीज पहा, नवा गुण लिहा, नवी बेरीज लिहा. एका लिहिण्यापोटी चार कामे. जपणूक आणि वेग यांचे असे वैर आहे. आपल्या नाणेघाटात नागनिका राणीचा लेख दोन हजार वर्षे टिकून आहे. पण तो दगडावर एकदाच कोरला, रोज दुरुस्त करावा लागला नाही.

आणि सर्वच साठवावे असा हट्टही धरू नये. आपल्या खोडदला मोठमोठ्या ताटल्यांची जी रेडिओ दुर्बीण आहे, ती प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने उभी राहिली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तीस ताटल्यांच्या जोड्या होतात ४३५. प्रत्येक जोडीतील लहरी वाहत्या अवस्थेतच ताडून पाहतात, त्यांची सरासरी काढतात आणि सामान्यतः तेवढीच साठवितात. सारा प्रवाह जसाच्या तसा लिहीत बसले, तर चकत्यांची रास पडेल. आपल्या मुलांच्या सहली शिवनेरीस जातात, त्यांनी खोडदची वाटही धरावी असे मी शिक्षक असताना सांगत असे.

आता उद्याच्या सूचनेविषयी. मंडळाने सर्व्हर घेतला, तर तो आपल्या दारचा माठ होईल. शासनाच्या दाराशी रांग लागली असता आपल्या माठाने ती तसूभरही कमी होणार नाही, कारण अर्ज स्वीकारणारे यंत्र आपले नव्हेच. यंत्र घ्यावे, ते चोवीस तास थंड ठेवावे, वीज गेली तर बॅटरी असावी, रात्री बिघडले तर दुरुस्त करणारा असावा. हे सर्व आपल्या एका खोलीच्या मंडळास झेपणारे नाही, आणि ज्या कारणासाठी घ्यावयाचे ते कारण साधणारे नाही. आपल्या वंशावळी, जुने शाळा सोडल्याचे दाखले, वधूवर सूची यांसाठी जागा हवी हे मला मान्य आहे. त्यांना वेग लागत नाही, जपणूक लागते. त्यासाठी डेटा सेंटरमधील आभासी यंत्राचा लहानसा हिस्सा भाड्याने मिळतो. तो घ्यावा, एक नक्कल मंडळाच्या तिजोरीत आणि एक दुसऱ्या गावी ठेवावी. आणि वर्षातून एकदा त्या नकलेवरून कागद खरोखर वाचता येतो की नाही ते पाहावे. भाचा म्हणतो की नक्कल ठेवणारे पुष्कळ भेटतात, उघडून पाहणारे थोडे.

माझी सभेस विनंती दोन प्रकारची आहे. इमारत निधी सर्व्हरकडे वळवू नये, ही एक. दुसरी इतिवृत्तातील माझ्या वाक्याविषयी. “सर्व्हर डाऊन असल्यामुळे” हे शब्द काढून तेथे “अर्ज भरणाऱ्याने सर्व अर्ज शेवटच्या दिवसापर्यंत राखून ठेवल्यामुळे” असे शब्द घालावेत. नावही घालावे, माझी हरकत नाही. पान बारा दिवस रिकामे असताना ज्या मुलीचे कागद चौथ्याच दिवशी पूर्ण होऊन माझ्या गठ्ठ्यात पडले होते, ती हीच मुलगी. तिच्या घरी जाऊन मी हे तिच्या वडिलांना सांगितले आहे. त्यांनी चहा दिला, आणि यंदाचे कागद माझ्याच हाती दिले.

यंदाची व्यवस्था अशी केली आहे. ज्याचे कागद ज्या दिवशी पूर्ण, त्याचा अर्ज त्याच दिवशी, शक्यतो सकाळी आठच्या आत. जुन्नरकडील मुलांनी नारायणगावच्या आपल्या कार्यकर्त्याकडे, आंबेगावकडील मुलांनी माझ्याकडे यावे. पान थांबले तर दहा मिनिटे बटणास हात लावू नये. मुदत उघडल्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्या मुलीचा अर्ज गेला. पोच पावतीचा कागद मी आज बरोबर आणला आहे, तो अध्यक्ष महाराजांकडे देतो.